वॉर्डातल्या बागेचं ‘नूतनीकरण पॅकेज’: काय घ्यावं, काय खोडावं

पुणे-पिंपरीपासून नाशिक-ठाण्यापर्यंत कुठल्याही वॉर्डातली दहा ते चाळीस गुंठ्यांची बाग नूतनीकरणाला निघाली, की टेबलावर येणारं पॅकेज जवळजवळ एकच असतं. पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा ट्रॅक, सात-आठ यंत्रांची ओपन जिम, एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) रंगीत खेळणी आणि त्याखाली रबरी फरशी, कार्पेट लॉन, कारंजं, दिव्यांचे खांब, दाराला कमान आणि शेवटी एका ओळीत ‘तीन वर्षे देखभाल’. उद्यान विभागाच्या पूर्वगणनपत्रकात (खर्चाच्या अंदाजात) हीच कलमं, आणि सोसायटीच्या मोकळ्या जागेसाठी खासगी ठेकेदार कोटेशन देतात त्यातही हीच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ठेकेदाराचं नाही, या ठरलेल्या पॅकेजचं आहे. हिशेबासाठी 20 गुंठ्यांची बाग धरली आहे, म्हणजे साधारण 40 बाय 50 मीटर, 2000 चौरस मीटर.

मत आधीच सांगून टाकतो: पॅकेजातल्या वस्तू वाईट नाहीत, त्यांचा क्रम आणि वेळ वाईट आहे. उद्घाटनाच्या फोटोत येणाऱ्या कलमांना पानंच्या पानं मिळतात आणि बाग ज्याच्यावर जगते त्याला शेवटची ओळ. निचरा आणि माती ही दोन कलमं तर बहुतेक कोटेशनांत नसतातच.

निचरा आणि माती (पॅकेजात नाही, स्वतः घालून घ्या)

ठेकेदार जागा पाहायला येतो जानेवारीत, बागेचा दोष दिसतो जुलैत. म्हणून पाहणी पावसाळ्यातच करायची. जोराची सर थांबल्यावर तासाभरानं जिथं पाणी उभं असेल तिथं फक्कीनं खूण करायची, फोटो काढायचे आणि तो नकाशा पूर्वगणनपत्रकाला जोडायचा. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे जुन्या शहाबादी फरशीवरच नवा थर देणं. ट्रॅक 100-120 मि.मी.नं वर येतो, मधली हिरवळ खोलगट राहते आणि पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. नाहीतर ते शेजारच्या सोसायटीच्या भिंतीला जाऊन लागतं आणि भांडण सुरू होतं. कामाआधीच्या आणि कामानंतरच्या पातळ्या दाखवणारा नकाशा मागा. हिरवळीला 100 ला 1 आणि फरसबंदीला 50 ला 1 एवढा उतार पुरतो. पाणी वाहून न्यायला जमिनीतल्या पाइपापेक्षा 300 मि.मी. रुंदीची उथळ, उघडी पन्हळ बरी. गुलमोहराची आणि पेल्टोफोरमची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि पाइपात घट्ट बसतात. उघडी पन्हळ माळी खराट्यानं दोन मिनिटांत साफ करतो, पाइप साफ करायला मात्र तक्रार नोंदवून गाडीची वाट पाहावी लागते.

मातीसाठी 600 मि.मी. खोलीचे तीन खड्डे तीन कोपऱ्यांत घ्या. ॲमिनिटी स्पेसच्या (बांधकाम प्रकल्पात सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या) जागांवर बऱ्याचदा वितभर मातीखाली मुरूम तरी लागतो, नाहीतर जवळच्या बांधकामाचा राडारोडा. राडारोड्यातला चुना आणि सिमेंट मातीचा सामू (पीएच) चढवतात. तो 8.5 च्या वर गेला की झाडांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग खत घाला, पाणी घाला, काही फरक पडत नाही. माती परीक्षण कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत होतं. सगळ्या पॅकेजात याहून स्वस्त काम नाही, आणि तेच कुणी करत नाही.

आता पोयटा, म्हणजे वर पसरायची सुपीक माती. 800 चौ. मी. लागवडीच्या जागेवर 150 मि.मी. थर म्हणजे 120 घनमीटर, ब्रासमध्ये (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर) सांगायचं तर 42 ब्रास. सैल टाकलेली माती पाणी बसलं की पाव हिश्शानं खाली जाते, त्यामुळे निविदेत 57 ब्रास धरावी लागते. मोजणी ट्रकच्या खेपांवर करू नका. ढीग चौकोनी रचून घ्या आणि टेपनं मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवा. चार घमेली पोयट्याला एक घमेलं शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि सप्टेंबरपर्यंत हिरवळ चटईसारखी हातात उचलून येते. पोयट्याबरोबर येणारा दुसरा पाहुणा लव्हाळा हे तण. त्याच्या गाठी मातीत असतात, वरून खुरपला तर वाढतोच. उपाय एकच आहे: माती पसरून दोन-तीन आठवडे नुसतं पाणी द्या, जे उगवेल ते उगवू द्या, मग कुदळीनं गाठींसकट काढा आणि त्यानंतरच लागवड करा. ठेकेदाराला हे तीन आठवडे नको असतात. निविदेत लिहिलं तरच मिळतात.

चालण्याचा ट्रॅक (5 पैकी 3)

पेव्हर ब्लॉकवर टीका करायची फॅशन आहे, पण दोष ब्लॉकचा कमी आणि बसवण्याचा जास्त असतो. आयएस 15658 या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे हलक्या वाहतुकीसाठी 60 मि.मी. जाडीचा, एम-35 प्रतीचा ब्लॉक लागतो. बागेत कचरा उचलायची छोटी गाडी येणार असेल तर हाच घ्यावा. फक्त पायी चालण्यासाठी 50 मि.मी.चा एम-30 चालतो. खाली दबाई केलेला मुरूम किंवा खडीचा थर, त्यावर 25 ते 40 मि.मी. जाडसर वाळू, वर ब्लॉक, मग प्लेट कॉम्पॅक्टर आणि सांध्यांत बारीक वाळू. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, कडेचा कर्ब स्टोन आधी काँक्रीटमध्ये बसवत नाहीत, त्यामुळे वाळू कडेनं निसटते आणि दोन पावसाळ्यांत ट्रॅकला लाटा येतात. दोन, वाळूच्या जागी क्रशरची कच टाकतात. ती पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक हलू लागतात. शिवाय रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक बागेत घेऊच नका. श्रावणात त्यांवर शेवाळ धरतं आणि पहाटे फिरायला येणारे आजोबा तिथंच घसरतात.

रोज चालणाऱ्यांच्या गुडघ्यांना विचारलं तर मुरमाचा ट्रॅक बरा. रुंदी 1.8 मीटर ठेवा, म्हणजे दोघं गप्पा मारत चालले तरी मागच्याला पुढं जाता येतं. आपल्या बागेत कडेनं फिरणारा ट्रॅक सुमारे 160 मीटर भरतो, म्हणजे क्षेत्र 288 चौ. मी. होतं. त्यात दबाई केलेला 150 मि.मी. मुरूम आणि वर 25 मि.मी. चाळलेला बारीक मुरूम. हा वरचा थर दरवर्षी पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आत, पुन्हा द्यावा लागतो. त्याला अडीच ब्रास माल आणि एक दिवस रोलर लागतो. ही अडीच ब्रास देखभालीच्या करारात लिहिलेली नसली, तर तिसऱ्या वर्षी ट्रॅकवर खडी उघडी पडते आणि ‘मुरूम टिकत नाही’ म्हणून पेव्हरचा प्रस्ताव येतो.

मुरमाचा खरा तोटा वेगळा आहे. पावसात त्यावर चाकाची खुर्ची रुतते. म्हणून दारापासून बाकं, खेळणी आणि स्वच्छतागृहापर्यंतचा एक पट्टा पेव्हरचाच हवा. पायरी असेल तिथं 12 ला 1 उताराचा रॅम्प आणि दारात किमान 900 मि.मी. मोकळी वाट ठेवा. दुचाकी अडवायला जे वाकडंतिकडं फिरतं गेट बसवतात, त्यातून खुर्ची जात नाही, बाबागाडीही जात नाही. शेजारी एक साधं दार ठेवा आणि त्याची जबाबदारी राखणदाराला द्या.

ट्रॅकच्या निमित्तानं झाडांवर जे होतं ते मात्र माफ करण्यासारखं नाही. बुंध्याला चिकटवून ब्लॉक बसवायचे नाहीत. चारी बाजूंनी मीटरभर जागा उघडी हवी. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये हाच एक मीटरचा निकष घालून दिला होता. त्याहून वाईट म्हणजे झाडाभोवती कट्टा बांधून आत दीड-दोन फूट माती भरणं. बुंध्याची साल मातीत गाडली जाण्यासाठी नसते. ती आत कुजते, वरून चार-पाच वर्षं काही कळत नाही आणि मग एका वादळात झाड मुळापाशी मोडतं. बसायला कट्टा हवाच असेल तर तो बुंध्यापासून दूर बांधा आणि आतली माती मूळ पातळीलाच ठेवा. फांद्या छाटायलाही महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं वा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष ठरतात. तेव्हा पूर्वगणनपत्रकाआधी प्रत्येक झाडाचा नंबर, जात, घेर आणि अंदाजे वय असलेली यादी करा. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच गेलेला बरा.

खेळणी आणि त्याखालची जमीन (खेळण्यांना 4, जमिनीला 2)

रंगापेक्षा मापं पाहा. ठेकेदार ‘ईएन 1176 प्रमाणे’ असं छापतो, ही खेळण्यांच्या सुरक्षिततेची युरोपीय संहिता. छापलं आहे तर तपासून घ्या. कठड्याच्या किंवा शिडीच्या दोन दांड्यांमधली फट 89 ते 230 मि.मी.च्या मधली असेल तर मुलाचं धड आत जातं आणि डोकं अडकतं. फट त्याहून लहान हवी किंवा त्याहून मोठी. झोपाळ्याचं आसन जमिनीपासून किमान 350 मि.मी. वर हवं, आणि एका चौकटीत दोनच झोपाळे. तिसरा बसवला की मधल्यावरचं मूल बाहेर पडताना एकाच्या वाटेत येतंच. प्रत्येक खेळण्याभोवती दीड मीटर मोकळी जागा सोडा. पायाचं काँक्रीट खेळायच्या पातळीच्या 400 मि.मी. खाली असावं. प्रत्यक्षात ते वरच दिसतं, कारण आजूबाजूची माती दोन पावसाळ्यांत वाहून जाते आणि काँक्रीटची धार उघडी पडते.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा. पश्चिमेला ठेवलेली घसरगुंडी मार्च ते मे दुपारभर तापते आणि संध्याकाळी साडेपाचलाही मांडी पोळते. एफआरपीची घसरगुंडी घेतली असेल तर दर महिन्याला तळाच्या वळणापाशी हात फिरवून पाहा. वरचा जेलकोट तिथं आधी झिजतो, मग काचेचे बारीक तंतू उघडे पडतात आणि मुलांच्या पायांना खाज सुटते. नेमकं काय झालं ते आईबापांना कळत नाही, डास चावले असतील म्हणतात. एवढ्यावर जेलकोटचा नवा थर दिला तर काम भागतं. भेग गेली असेल तर तो भाग बदलावाच लागतो. रोटोमोल्ड प्लास्टिकच्या घसरगुंडीत तंतूंचा प्रश्न नसतो, पण त्यात अतिनील किरणांना टिकणारं मिश्रण नसेल तर ती फिकट पडते आणि पुढं तडकते. झोपाळ्याच्या साखळीत सगळ्यात आधी झिजतो वरचा हूक. त्याची जाडी एक तृतीयांश कमी झाली की बदला. तुटायची वाट पाहू नका.

खालची जमीन हे पॅकेजातलं सगळ्यात फसवं कलम. 25 मि.मी.ची रबरी फरशी काँक्रीटवर चिकटवतात आणि तिला ‘सेफ्टी फ्लोअरिंग’ म्हणतात. एवढ्या जाडीची फरशी मीटरभराच्या आतबाहेरच्या उंचीवरून पडण्यापुरती असते. 2 मीटरच्या फलाटाखाली ती नुसती शोभा. जाडी फलाटाच्या उंचीवरून ठरते, आणि किती उंचीवरून पडण्यासाठी चाचणी झाली आहे हे लिहिलेलं प्रमाणपत्र त्याच जाडीचं हवं. जागेवर ओतलेला ईपीडीएम (कृत्रिम रबराच्या दाण्यांचा) थर दिसायला सुंदर असतो आणि सांधे नसल्यानं झाडायला सोपा. खाली काळ्या रबरी दाण्यांचा (एसबीआर) थर, वर 10 ते 15 मि.मी. रंगीत ईपीडीएम. पण वरच्या थरात दाण्यांच्या वजनाच्या 18-20 टक्के पॉलियुरेथेन बाइंडर (दाणे चिकटवणारा द्रव) लागतं. पैसे वाचतात ते इथं. बाइंडर कमी पडलं की वर्षाच्या आत दाणे सुटायला लागतात आणि मुलांच्या बुटांत घरी जातात. दुसरं, बाइंडर ओलाव्याशी संयोग पावून वायू सोडतं. पावसाळी दिवसांत किंवा ओल्या काँक्रीटवर ओतलं तर थराला फुगे येतात. हे काम डिसेंबर ते एप्रिल एवढ्याच काळात करा.

वाळू या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि जास्त सुरक्षित आहे. गोल कणांची, धुतलेली, 300 मि.मी. थर आणि खेळताना इकडंतिकडं उडते म्हणून वर आणखी 100 मि.मी.ची भर. 60 चौ. मी.च्या खड्ड्याला 24 घनमीटर, म्हणजे साडेआठ ब्रास लागते. खाली 100 मि.मी. खडी आणि मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड), नाहीतर पावसाळ्यात डबकं होतं. क्रश सँड चालत नाही. तिचे कण टोकदार असतात, त्यात भुकटी असते आणि ती दबून फरशीइतकी कडक बसते. वाळूची अडचण म्हणजे मांजरं आणि कुत्री. रात्री जाळी टाका, रोज सकाळी दाताळं फिरवा, महिन्यातून एकदा खालवर करा. हे करायला माणूस नसेल तर रबर घ्या, पण खेळण्याची उंची मग मीटरभरच ठेवा. उंच खेळणं आणि पातळ फरशी ही जोडी कधीही मंजूर करू नका.

ओपन जिम (5 पैकी 3, संख्या निम्मी करा)

20 गुंठ्यांना पाच यंत्रं पुष्कळ झाली: क्रॉस ट्रेनर, ट्विस्टर, चेस्ट प्रेस, रोअर आणि एक एअर वॉकर. मुख्य खांब 114 मि.मी. व्यासाचा, 3 मि.मी. जाडीचा मागा. टोपी बसवायच्या आधी उघड्या तोंडाला व्हर्नियर लावून मोजा, कारण नंतर पाहता येत नाही. नुसत्या पावडर कोटिंगवर जाऊ नका. आधी झिंक, मग रंग. गंज वेल्डच्या जागी आणि जमिनीलगतच्या पट्टीपाशी सुरू होतो, वर रंग छान दिसत असतानाच.

एअर वॉकर सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात आधी बंद पडणारा. दोन्ही पायांचा सगळा भार वरच्या दोन सांध्यांतल्या बेअरिंगांवर लटकतो. माळी सकाळी पाइपानं यंत्रं धुतो, पाण्याबरोबर धूळ बेअरिंगमध्ये जाते आणि सहा महिन्यांत ‘कर्र कर्र’ सुरू होतं. यंत्रं ओल्या फडक्यानं पुसायची, पाण्याचा फवारा मारायचा नाही. दुसरी गोष्ट रबरी बंपर. पाच-पन्नास रुपयांचा तो तुकडा निघून गेला की लोखंड लोखंडावर आपटतं आणि वेल्डला चीर जाते. म्हणून खरेदीतच प्रत्येक यंत्रामागं बेअरिंगचे दोन संच, बंपर आणि नायलॉक नट यांचा डबा घ्या आणि बागेच्या खोलीत कुलुपात ठेवा. बिघडलेलं यंत्र महिनोन्‌महिने पडून राहतं ते बहुधा एवढ्याशा सुट्या भागासाठीच.

ईएन 16630 ही या यंत्रांची युरोपीय संहिता 1.4 मीटरपेक्षा उंच वापरणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडं एअर वॉकरवर दोन-दोन पोरं लोंबकळतात, कारण जिम खेळण्यांना खेटून बसवलेली असते. मध्ये कुंपण किंवा दाट मेंदीची ओळ लावा.

बाकं याच कलमात येतात. आसन 450 मि.मी. उंच, पाठ आणि हाताला दांडी हवी. गुडघे धरून उठणाऱ्याला ती दांडीच लागते. बाकाच्या पाठीवरचं नाव मात्र सहसा बाकापेक्षा जास्त टिकतं.

हिरवळ, पाणी, कारंजं

पॅकेजात 800 चौ. मी. कार्पेट लॉन असते. एप्रिल-मेमध्ये तिला चौरस मीटरला रोज सुमारे 5 लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला 4000 लिटर. 10,000 लिटरचा टँकर अडीच दिवसांत संपतो, महिन्याला बारा टँकर. हा आकडा सभेत मोठ्यानं वाचून दाखवा, हिरवळ आपोआप 300 चौ. मी.वर येते. मेक्सिकन लॉनला पाच-सहा तास ऊन लागतं. रेनट्रीच्या सावलीत ती दरवर्षी लावतात आणि दरवर्षी विरळ होते. तिथं मॉन्डो ग्रास, क्लोरोफायटम किंवा रिओ लावा, नाहीतर नुसता पाचोळा पसरा. मुलं जिथं क्रिकेट खेळणारच आहेत तिथं साधी हरळी. तुडवली तरी पुन्हा फुटते.

पॉप-अप स्प्रिंकलर खोडा. बोअरच्या जड पाण्यानं नोझल क्षारानं बुजतात, उरलेले गवत कापायच्या यंत्राखाली मोडतात. दर 25 मीटरवर क्विक कपलिंग व्हॉल्व्ह (पाइप झटकन जोडायची तोटी) आणि एक चांगला पाइप, एवढ्यानं माळी अचूक पाणी देतो. कुंपणाच्या झाडोऱ्याला 16 मि.मी.ची इनलाइन ठिबक, 40 से.मी.वर ताशी 4 लिटरचा ड्रिपर, आधी डिस्क फिल्टर, आणि आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडणं. मैलाशुद्धीकरण केंद्राचं पाणी मिळत असेल तर जरूर घ्या, पण ते ठिबकनंच द्या. तुषारातून लोकांच्या अंगावर नको.

कारंजं पूर्ण खोडा. पंप जळतो, फरशीवर क्षार बसतो, आणि बंद पडल्यावर आठवड्याभरात डासांच्या अळ्या.

दिवे

4 मीटरचे खांब फांद्यांच्या खाली राहतात, 6 मीटरचे फांद्यांत जातात आणि मग प्रकाशासाठी झाडं छाटली जातात. आर्मर्ड केबल 750 मि.मी. खोल, पाइपातून. प्रत्येक सर्किटला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि प्रत्येक खांबाला अर्थिंग. खांबाच्या पायथ्याचं जंक्शन बॉक्सचं झाकण चोरीला जातं किंवा उघडं राहतं, आणि पावसात तीच जागा जीवघेणी. बॉक्स जमिनीपासून 500 मि.मी. वर ठेवा आणि झाकणाला त्रिकोणी चावीचं कुलूप. झाडांना खिळे ठोकून माळा लावायचं कलम असेल तर कापून टाका.

पाचोळा

पॅकेजात एक श्रेडर असतो. प्रत्येक बागेला एक यंत्र कशाला? पाच-सहा बागांत मिळून एक फिरता पुरतो. इथं लागतात 3 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 0.9 मीटर खोल असे दोन खड्डे. पाचोळ्याच्या वितभर थरावर शेणकाला, पुन्हा पाचोळा. मूठभर घेऊन पिळलं की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी पलटी, तीन-चार महिन्यांत खत. एक भरतो तेव्हा दुसरा मुरतो. सुकं गवत कोरडं राहिलं तर वर्षभर तसंच पडून राहतं आणि मग कुणीतरी काडी लावतं. बागेचा कचरा जाळायला तर बंदीच आहे.

‘तीन वर्षे देखभाल’ (5 पैकी 1, आहे तशी)

पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेलं 10 एकरांचं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तिथं ना ओपन जिम ना रबरी फरशी. जे दिसतं ते कापलेलं गवत, वाहतं पाणी आणि आकारात ठेवलेली झाडं, म्हणजे रोजची मेहनत. वॉर्डातल्या बागेला तेवढं नको, पण हिशेब तोच लागू होतो. आमच्या मते तीन वर्षांच्या एकूण खर्चातले 100 पैकी 40 रुपये तरी देखभालीला बाजूला ठेवावेत. ते जमत नसेल तर वस्तू कमी घ्याव्यात.

आधी एक घोळ दूर करा. दोष दायित्व कालावधी म्हणजे देखभाल नव्हे. ठेकेदारानं वाईट बसवलेला ब्लॉक फुकट बदलून देणं हे दोष दायित्व. मुरूम भरणं, गवत कापणं, बंपर बदलणं ही देखभाल, आणि तिचे वेगळे पैसे असतात. दोन्ही एकाच ओळीत लिहिलं की ठेकेदार दुसऱ्याकडं बोट दाखवून दोन्ही टाळतो.

करारात लिहून घ्यायचं ते असं. एक पूर्णवेळ माळी, छाटणी आणि गवत कापण्याच्या दिवशी दुसरा माणूस, दोन पाळ्यांत राखणदार. मजुरी किमान वेतनाप्रमाणे, आणि भविष्यनिर्वाह निधीचं चलन बिलाला जोडलेलं. याशिवाय बिल नाही. गवत पावसाळ्यात दहा दिवसांनी, एरवी पंधरा-वीस दिवसांनी, एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भागच कापायचा. खेळणी आणि जिमची तपासणी महिन्याला, सही-तारखेसह. तुटलेलं खेळणं त्याच दिवशी काढून किंवा साखळीनं बांधून बंद करायचं आणि सात दिवसांत दुरुस्त. दिवा 48 तासांत. तुंबलेली पन्हळ पावसाळ्यात त्याच दिवशी. प्रत्येक चुकलेल्या गोष्टीला बिलातून ठरलेली कपात.

‘दरमहा ठोक रक्कम’ असा करार केला की माळ्याची हजेरी तेवढी मोजली जाते, बागेची अवस्था नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मुकादम, ठेकेदाराचा माणूस आणि रोज येणाऱ्यांपैकी दोघं अशी चौघांची फेरी ठेवा आणि तिचा कागद बिलाला लावा.

वेळापत्रक

मार्च एंडची घाई या पॅकेजाचा सगळ्यात मोठा शत्रू. निधी परत जाऊ नये म्हणून सगळी कामं फेब्रुवारी-मार्चात उरकतात. लॉनही मार्चच्या शेवटी अंथरली जाते आणि मेमध्ये जळते. तेव्हा काम फोडा. जुलैत पाहणी. ऑगस्ट-सप्टेंबरात मागणी, पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक 2006 पासून आहे आणि साधारण याच सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. तिथं एका कामाला 5 लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘बागेचं नूतनीकरण’ असा अर्ज करू नका. ‘बागेतील पन्हळ व चेंबर’, ‘वाळूचा खड्डा व दोन झोपाळे’ असे सुटे अर्ज मंजूर व्हायला सोपे. जानेवारी ते मार्च निचरा, ट्रॅक, पाये आणि केबल. एप्रिल-मे माती, आणि वर सांगितलेली लव्हाळ्याची तीन आठवड्यांची झाडाझडती. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की लागवड: ताम्हण, बहावा, बकुळ, करंज, पुत्रंजीवा, 1 मीटरच्या खड्ड्यात, रोप दीड मीटरच्या वरचं. लागवडीचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात जाईल, म्हणून तेवढं कलम वेगळ्या निविदेत काढा. लेखा विभागाला हे आवडत नाही, पण नियमात बसतं.

काम ताब्यात घेताना शेवटचं बिल अडवून या वस्तू मागा: पाइप आणि केबल प्रत्यक्ष कुठून गेल्या त्याचा नकाशा (ठरवलेला नव्हे, झालेला), पंपाचा आणि दिव्यांचा वॉरंटी कागद, सुट्या भागांचा डबा, जंक्शन बॉक्सच्या चाव्यांचे दोन जोड. आणि वीजमीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. काम चालू असताना तो ठेकेदाराच्या नावानं तात्पुरता घेतलेला असतो; बदलून घेतला नाही तर उद्घाटनानंतर दोन-तीन महिन्यांत बिल थकतं आणि पंपासकट सगळी बाग बंद होते.